ताईबद्दलचं गृहीतक

डोंबिवली,
१० मार्च १९८८

तीर्थरूप सौ. हेमाताईस,
शालूचा नमस्कार. इकडे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, नळाला पाणी आलं तर आलं. पुरे झालं क्षेमकुशल.

ताई, तुझ्या दिराशी माझं लग्न जवळजवळ ठरलेलं. दोघी बहिणी एका घरात, म्हणून आई नुसती हरखलेली. मग तुझ्या सासूबाईंचा निरोप आला, मुलीला फिट येतात म्हणे, नको. मला? अगं, साधी चक्करही येत नाही कधी! ते लोक चौकशीला शेजारच्या विमलाबाईंकडे गेलेले, म्हणून आम्ही त्यांच्यावरच घसरलो. आईने तर बोलणंच टाकलं.

परवा लॉजिकच्या तासाला सर म्हणाले, "एखाद्याला ‘सिगरेट सोडलीस का?’ असं विचारलं, म्हणजे तो ओढत होता हे आपण आधीच मानून चाललो. असं बिनपुराव्याचं मानलेलं, ते गृहीतक. घोडं अडलं की आधी ते शोधा." वर्ग हसला. मी मात्र वही मिटली.

कारण आमचं गृहीतक होतं, ताईला मी त्या घरात हवी आहे.

ते काढलं आणि उरलीस तू. ते खोटं तूच सांगितलंस ना? खूप चिडले गं. वाटलं, मी बी.ए. होणार, तू मॅट्रिक, म्हणून जळतेस. मनातल्या मनात तुला वाट्टेल ते बोलले.

पण संशय काही तिथे थांबेना. गणपतीत आलेलीस, तेव्हा भावोजींनी दिव्याच्या बटणाकडे नुसता हात उचलला आणि तू दोन्ही हातांनी डोकं झाकलंस. आम्ही हसलो, वेंधळी म्हणालो तुला! माहेरी तू एकटी कधी येत नाहीस. तुझ्या प्रत्येक पत्राखाली भावोजींच्या दोन ओळी असतात. आई म्हणायची, किती जीव आहे बघ. ताई सुखात आहे, हे चार वर्षं आम्ही मानून चाललो. विचारलं कुणीच नाही.

काल विमलाबाईंचे पाय धरले. भावोजी ड्यूटीवर असताना त्याच हे पत्र तुझ्या हातात देतील. वाचून चुलीत टाक.

मंगळवारी दुपारी मी कळव्याला येते. आईला सांगून येते. ती ‘जमवून घे म्हणावं’ म्हणाली तरी येते. माझं चुकत असेल तर दारातच झाप मला आणि परत पाठव. नसेल चुकत, तर चार साड्या घे आणि चपला घालून उभी राहा.

उत्तर लिहू नकोस.

तुला न्यायला येणारी,
शालू