नाक्यावरचा बॅनर

गोपीनाथ काकांना,

हे पत्र मी देणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

कोलशेत नाक्यावर तुम्ही बॅनर लावलात, ‘गोपीनाथशेठ यांची सुकन्या करिश्मा हिला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन’. बाबा गेल्यापासून मला कोणी सुकन्या म्हटलं नव्हतं. आई त्या बॅनरखाली उभी राहून रडली.

फी माफ व्हायला उत्पन्नाचा दाखला लागतो. चौकशीला आलेले साहेब त्याच नाक्यावर उतरले. आमच्या पत्र्याच्या खोलीत येऊन म्हणाले, “शेठच्या मुलीला दाखला कशाला?”

आई म्हणाली, “पुतणी हाय ती, सायब. मी मावरं विकते.”

त्यांनी मोबाईलवर बॅनरचा फोटो दाखवला. अर्ज नामंजूर झाला.

मग मी तुमच्या बंगल्यावर आलेले. तुम्ही सगळ्यांसमोर मला पेढा भरवलात, डोक्यावर हात ठेवलात. फीचं तोंडातून निघालंच नाही.

काल मुदत संपली. आईला मी सांगितलंय की काकांनी फी भरली. आज तिने विकायची कोळंबी बाजूला काढलीय. तुमच्यासाठी सोलत बसलीय.

तुमची,
करिश्मा