औद्योगिक झोनमधली म्हैस

३ जानेवारी १९७२, सोमवार
नगरचं तीन दिवसांचं शिबिर आटोपून दुपारच्या एस.टी.नं सोनईला उतरलो. तिथून गावात पायी. विषय होता ग्रामनियोजन. डोळे उघडले. आपलं गाव नुसतं वाटेल तसं वाढलंय! गावाला झोन पाहिजेत. निवासी, व्यापारी, औद्योगिक. उपसरपंच या नात्यानं महिन्याभरात करून दाखवणार. सौ.ला सगळं समजावलं. तिनं विचारलं, आपली म्हैस कुठल्या झोनमध्ये? बायकांना पॉलिसी कळत नाही.

६ जानेवारी
प्लॅन तयार. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, तीन रंगांत. मधोमध पार्क, त्यात कारंजं. बेघरांची बारा घरं शाळेमागे एका रांगेत. तेवढ्यात छबूबाई आली. शाळेच्या भिंतीला पाल लावून राहते, बेघरांच्या वतीनं तीच बोलते. म्हणाली, गहिनीनाथभाऊ, आमचं घर कवा? मी म्हटलं, झालंच, हे बघ. बोट ठेवून दाखवलं. शाई ओली होती. तीन घरं पुसली गेली. ती म्हणाली, ह्यात माझं हुतं का?
उद्या पुन्हा काढायचा.

११ जानेवारी
ग्रामसभा. प्लॅन एकमतानं पास (दोघे झोपले होते, पण विरोध नाही). निवासी झोनमध्ये जनावरं आणि गिरणी बंद. मच्छिंद्रनं पिठाची गिरणी ओढ्यापलीकडे औद्योगिक झोनमध्ये न्यायची. तो म्हणाला, तिथं वीज न्हाई. वीज आली की दुसऱ्या दिवशी जातो. म्हणजे तत्त्वतः मान्यता. कारंज्यावरची चर्चा लांबल्यामुळे बेघरांचा विषय राहिला.

१५ जानेवारी
संक्रांत झाली तरी कुणी हललं नाही. पुढाऱ्यानं आधी स्वतः करून दाखवावं. म्हैस ओढ्यापलीकडे नेऊन बांधली. सौ. म्हणाली, म्हैस जाईल तिथं तुम्ही पण जा. घरून पूर्ण पाठिंबा.

१७ जानेवारी
म्हैस पान्हवत नाही. एकटी राहिली की रेकते. मी जवळ बसलो तर थोडं देते. म्हणून मुक्काम इथेच. याला शिबिरात ‘प्रत्यक्ष पाहणी’ म्हणत.

१९ जानेवारी
घरी जेवायला गेलो. सौ. म्हणाली, भाकरी फक्त निवासी झोनमधल्यांना. तिचा स्वभाव मुळात विनोदी. उपाशी परत.

२४ जानेवारी
थंडी फार. चार पत्रे उभे करून आडोसा केला. जागा मात्र झकास. मुरमाड, उंचावर, पाणी जवळ. छबूबाई झुणका-भाकरी घेऊन आली. पत्र्यांकडे बघतच राहिली. म्हणाली, हितं जागा द्यायला लागले व्हय? तासभर झोनिंग समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं. पटलं असावं.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून आलो, तर शेजारी दोन झोपड्या! सांगितलं, बाई, हा औद्योगिक झोन आहे. छबूबाई म्हणाली, उपसरपंच ऱ्हातो ते गावठाण.
कायदेशीर उत्तर शोधतो आहे.

४ फेब्रुवारी
बाराही कुटुंबं आली. कूड उभे राहिले, सारवणं झाली. मच्छिंद्र इथे पीठ आणून विकू लागलाय, म्हणजे व्यापारी झोनही सुरू. प्लॅन झपाट्यानं राबवला जातो आहे. फक्त ठिकाण बदललं.

१० फेब्रुवारी
बीडीओ साहेब आले. मी प्लॅन उलगडेपर्यंत त्यांनी वस्ती पायी फिरून पाहिली. म्हणाले, जागा उत्तम. ठराव पाठवा, बाराही प्लॉट इथेच मंजूर करतो. छबूबाईनं पदर तोंडाला लावला. मला भाषण सुचलं होतं, ते राहूनच गेलं. मग साहेबांनी पत्र्यांकडे बोट केलं, इथे कोण राहतं? मी पुढे होणार, तोच छबूबाई म्हणाली, ह्ये बी बेघरच हायेत साहेब. बायकूनं घरातनं काढलंय. लई गरीब मानूस.
साहेबांनी ग्रामसेवकाला सांगितलं, तेरावा प्लॉट यांना द्या.

तोच दिवस, संध्याकाळ
बातमी गावभर. सौ. स्वतः ओढा ओलांडून आली. म्हशीचं दावं सोडलं आणि चालू लागली. मला चला म्हणाली नाही.
पत्रे छबूबाईला दिले. दुधाची चरवी घेऊन म्हशीच्या मागून घरी आलो.