नमिताची आठवी

१० फेब्रुवारी
आला! आला एकदाचा! अर्धा फळा झाकणारा टच पॅनल — हमरापूरच्या आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत! पोरं खिडकीला लोंबकळत होती. "मॅडम, यो तं मोठा मोबायल हाय!" मी बोट लावलं आणि ग्रह गरागरा फिरायला लागले. पोरांबरोबर मीही ओरडले. सेहेचाळीस वर्षांची बाई!
मुख्याध्यापक दिनानाथ सर दारातून म्हणाले, "मॅडम, मुलांनाही हात लावू द्या की."

१३ फेब्रुवारी
रोह्याला पॅनलचं प्रशिक्षण. एक बटण चुकून दाबलं, सगळ्यांचं काम पुसलं. हसू आवरेना. शिकवणारे साहेब मात्र हसले नाहीत.

२१ फेब्रुवारी
आज चित्रकलेचा तास पॅनलवर घेतला. सातवीतली नमिता कधी तोंड उघडत नाही. ती उठली, बोटानं एक चेहरा काढला. नाक, ओठ, कान — डोळे मात्र नाहीत.
"अगं, डोळे?"
"शेवटी, मॅडम."
बरोबरच! बापाचा गणपतीचा कारखाना. तिथं डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. मग तिनं चार रेषा ओढल्या. पडद्यातून कुणीतरी आमच्याकडं बघत होतं!
"यो पुसून परत काढता येतो, व्हय?" तिनं विचारलं. मूर्तीवर चुकायची सोय नसते. इथं ती पुसत राहिली, काढत राहिली — हसरे डोळे, रागीट डोळे, झोपाळू डोळे. नमिताला खदाखदा हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

२४ फेब्रुवारी
नाथाभाऊ, नमिताचे वडील, रस्त्यात भेटले. आठवीला तिला पेणला पाठवायचं नाही म्हणतात! "सातवी बास झाली, मॅडम. आखणीला बसंल. तिच्यासारखा हात नाय कुनाचा."
वाईट माणूस नाही. लेकीचं नाव घेताना चेहरा कसा फुलतो! म्हणून तर राग धरता येत नाही.
पण मला सुचलंय. त्यांनाच शाळेत बोलवायचं. पॅनलवर पोरीचं काम एकदा बघू देत — स्वतः पेणला सोडायला जातील!

३ मार्च
आले! नमिताच्या आईला, सीताबाईंनाही घेऊन आले. कारखान्यातल्या कोऱ्या मूर्तीचा फोटो नमितानं पॅनलवर घेतला आणि बोट फिरवलं. पितांबर पिवळा, मग लाल, मग मोरपंखी.
"आयला!" नाथाभाऊ म्हणाले. मग, "माफ करा, मॅडम." मग, "परत लाल कर गो."
शेवटी स्वतःच उठून बोट लावलं. थांबेचनात. सीताबाई दारातून, "अवो, बास करा! पॅनल काय तुमच्या बापाचा हाय?"
हसून हसून पोट दुखलं. जाताना नाथाभाऊ पुटपुटले, "पोरीला यो आला पायजे." जिंकले! मी जिंकले!

१२ मार्च
नाथाभाऊंनी नमिताला टॅब घेतला! बातमी ऐकून मी ऑफिसात चक्क उडी मारली. दिनानाथ सर — "मॅडम, पडाल!"

१८ मार्च
पेणच्या हायस्कूलमध्ये जाऊन आले. संगणकाची खोली पाहिली. खिडकीजवळची जागा मनातल्या मनात नमितासाठी धरूनही ठेवली. वेडी मी!

९ एप्रिल
नमिता धावत आली. "मॅडम, मस्कतच्या गिऱ्हाइकाला मी टॅबवर केलेला रंग पसंत पडला! पयल्याच फटक्यात!"
तिला वर्गापुढं उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. "बघा रे, भविष्य भविष्य म्हणतात ते हेच!" केवढ्या मोठ्यानं बोलले मी.

१ मे
निकाल. नमिता पहिली.
नाथाभाऊ पेढे घेऊन आले. माझ्या पाया पडायला वाकले, मी कसंबसं अडवलं. "तुमच्यामुलं, मॅडम. गिऱ्हाईक घरबसल्या रंग निवडतात. आता पोरीशिवाय कारखान्याचं पान हालत नाय."
मी शाळा सोडल्याचा दाखला पुढं केला. पेणला लागेल, म्हटलं.
"तो ऱ्हाऊंदे तुमच्याकडंच. ती जाते कुठं? तुम्ही सगलं शिकवलंत की. आठवीत आनखी काय शिकवनार?"
खरंच विचारत होते. नमिता टॅब छातीशी धरून हसत होती.
मी दाखला परत कपाटात ठेवला.