विभक्त इंजिन

९ जानेवारी

चि. पकडबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू दीड मिनिटात ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि मला जे सांगायचंय ते दीड मिनिटात मावत नाही.

बाबांची गाडी उघडली. तीच, दोन सीटांची, बुटकी, लांब नाकाची. ती गेल्यापासून, म्हणजे बाबा गेल्यापासून (वाक्यात दोघांची गल्लत होते, क्षमा असावी), ताडपत्रीखाली तीन वर्षं पडून होती. इंजिन जाम झालं होतं. मिस्त्रींनी साखळीच्या कप्पीने ते उचलून बाकावर ठेवलं आणि मला डिझेलचा डबा व ब्रश देऊन म्हणाले, मास्तर, घासा. पंधरा दिवस घासतोय. तुझी वहिनी म्हणते की मी तेलात तळून काढल्यासारखा दिसतो आणि दाराबाहेरच जेवायला बसवते.

चारही पिस्टन बाहेर काढले. त्यांची अदलाबदल चालत नाही म्हणे, म्हणून चिठ्ठ्या बांधल्या. आकडे लिहिणं जिवावर आलं. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी असं लिहिलं. मिस्त्रींनी विचारलं, ही कुणाची नावं? म्हटलं, विभक्ती. इंजिन विभक्त झालंय, दुसरं काय लिहिणार?

लहानपणी त्या गाडीत तू बाबांशेजारी बसायचीस आणि मी फाटकाशी उभा राहून हात हलवायचो. तक्रार नाही, सीटा दोनच होत्या. पण त्यामुळे मला त्या गाडीतलं काही ठाऊक नाही, आणि तुला सगळं. तेव्हा एकच विचारतो. रंग कोणता देऊ? राखी की तुझा तो पोपटी?

शिवाय व्याकरणाची एक शंका. तू गेलीस तेव्हापासून पंचमीत आहेस. ‘घराहून’. तीन वर्षांपूर्वी चार दिवस आलीस, गॅरेजच्या दाराशी उभी राहिलीस, आत पाऊल टाकलं नाहीस. सप्तमीत कधी येणार?

लोभ वाढावा, गंज वाढू नये.

तुझा
दादा

—

२६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पंपघरातून लिहितेय. इथे सहा पंप आहेत, अख्ख्या शहराला पाणी देतात, आणि एकालाही विभक्ती कळत नाही. सुखी आहेत.

रंग राखी दे. विचारायचं काय त्यात? मी एकोणीस वर्षांची होते, बाबा आठवडाभर बाहेरगावी होते, आणि त्यांना चकित करावं म्हणून मी अख्खं इंजिन पोपटी केलं. चकित झाले. सहा दिवस अबोला. सातव्या दिवशी स्वतः बसून सगळं पुन्हा राखी केलं आणि म्हणाले, माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. नाही लावला. सत्तावीस वर्षं झाली, दादा. माझं नाव त्यांनीच पकड ठेवलं होतं, हातात आलेलं सोडत नाही म्हणून. मग पाना असो की राग. मी वाट बघत होते की एकदा म्हणतील, ये गं, जरा हा नट बघ. नाही म्हणाले. मग तो आवाजच गेला.

म्हणून दाराशी थांबले. परवानगी नव्हती.

तू मात्र एक कर. प्लगच्या वायरी लावताना व्याकरण घरी ठेव. क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. बाबा जेवणाच्या टेबलावर बोटांनी वाजवायचे, आठवतं? तुला वाटायचं ते चिडलेत.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, हातांचं डिझेल लिंबाने निघतं. लोभ आहे तसा राहू दे.

तुझी
पकड

—

२० फेब्रुवारी

चि. पकडबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. आदल्या दिवशी मिस्त्री गावी गेलेले पाहून मी इंजिन बाकावरच चालू करायचा पराक्रम केला होता. वायरी अर्थातच प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी. आयुष्यभर मुलांकडून याच क्रमाने घोकून घेतलं, हात दुसरीकडे वळेना. इंजिन खोकलं, शिंकलं, आणि कार्ब्युरेटरमधून असा बार काढला की शेजारचे काका चहाचा कप घेऊन धावत आले. माझ्या भुवया थोड्या आखूड झाल्या आहेत. मिस्त्री परत आल्यावर पोट धरून हसले आणि म्हणाले, मास्तर, हिला पाठांतर नको असतं.

आता मुद्द्याचं. नीट बसून वाच.

रंग देण्याआधी जुना खरवडत होतो. वरून सगळीकडे राखी. पण कार्ब्युरेटरच्या खाली, जिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही, तिथे तळहाताएवढा पोपटी तुकडा निघाला. मला वाटलं, बाबांचा ब्रश तिथे पोचला नसेल. मिस्त्रींनी पात्याने कड तिरकी खरवडली आणि मला चष्मा पुसून बघायला सांगितलं. पोपटीवर पोपटी, त्यावर पोपटी. चार थर. एक जरा पिवळट, एक जरा गडद, एक जवळजवळ बरोबर. सगळ्यात खालचा तुझा. मिस्त्री म्हणाले, इथला रंग उष्णतेने उडतो, कुणीतरी दर काही वर्षांनी परत देत होतं, आणि दुकानात नेमकी तीच छटा शोधत होतं.

पकडे, ते ‘कुणीतरी’ कोण, हे तुला सांगायला नको. ‘चुकलो’ हे प्रथमपुरुषी एकवचनी रूप त्यांना कधी चालवता आलं नाही. म्हणून ब्रशने लिहीत राहिले, कुणी वाचणार नाही अशा जागी.

तो तुकडा तसाच ठेवलाय. बाकीचं इंजिन पोपटी केलं. तुझी आज्ञा मोडली, पण थोरला आहे, चालायचंच.

इंजिन आता गाडीत बसलंय. वायरी तुझ्या क्रमाने लावल्या. प्रथमा, तृतीया, चतुर्थी. शेवटी उरते द्वितीया. ती लावलेली नाही. द्वितीया म्हणजे कर्म, ‘कुणाला’ या प्रश्नाचं उत्तर. उत्तर ‘तुला’ असं आहे. तू येऊन लावशील तोवर वायर लोंबते आहे आणि मिस्त्री रोज तिच्याकडे बघून उसासा टाकतात.

लोभ आहेच. वायरीएवढं अंतर राहिलंय, तेवढं तोडावं.

तुझा
दादा

—

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पंपांच्या मधे उभं राहून वाचलं. सहाही चालू होते ते बरं झालं, कुणाला काही ऐकू गेलं नाही.

रजेच्या अर्जात साहेबांना कारण हवं होतं. ‘घरगुती दुरुस्ती’ लिहिलं. किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. सत्तावीस वर्षांचं काम आहे, एकदम सांगता येत नाही, म्हटलं.

त्या वायरीला कुणी हात लावायचा नाही. मिस्त्रींनाही सांग. आणि फाटकाशी उभं राहायचं नाही. चालवीन मी, शेजारच्या सीटवर तू. भुवया वाढल्या नसल्या तरी चालेल.

बावीस तारीख, सकाळी. घरी. सप्तमी, एकवचन. रूप बरोबर आहे का, तेवढं तपासून ठेव.

तुझी
पकड