आठ युनिट ऊन

२ एप्रिल
दुपारी वीज गेली. ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर गेलं आणि जुन्या बॅटरीने लगेच मान टाकली. सिलेंडर लावला. नळी दोनदा निसटली, माझ्याच हातून. हे म्हणाले, "मी घाबरलेलो नाही. तू नळी नीट लाव."
मुक्ताचा हिंजवडीहून फोन, ऑफिसमधून. "आई, सोलर बसवून टाकू. वरची गच्ची आपलीच आहे ना."

६ एप्रिल
सोलरवाल्या मोहिते मॅडम आल्या. टाकीची सावली सोडून गच्ची मोजली. दोन किलोवॅट बसेल. लख्ख ऊन असेल तर दिवसाला आठेक युनिट. पावसाळ्यात दोन-तीन मिळाली तर मिळाली.
मशीनला दिवसाला आठच लागतात. म्हटलं, मग जमलं की!
"नाही काकू. रात्री काय? शिवाय लाइन गेली की साधं सोलर बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. तुम्हाला चांगली बॅटरी हवीच."
आतून हे: "म्हणजे डोक्यावर सूर्य आणि घरात अंधार. वा."

१४ मे
सुरू झालं, बॅटरीसकट. किती वीज झाली ते मोबाइलवर दिसतं. हे मॅच बघावी तसे दिवसभर तेच बघतात. "आज सूर्य फॉर्मात आहे." बऱ्याच दिवसांनी हसले.

२७ जून
बिबवेवाडीवर आभाळ नुसतं टेकलंय. जेमतेम दीड युनिट. ह्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला.

९ जुलै
दळण घेऊन आले तर मशीन बंद. नळी उशीवर नीट गुंडाळून ठेवलेली. ओठ निळसर. क्षणभर वाटलं…
आधी मशीन लावलं, मग ओरडले.
"आज दोनसुद्धा होणार नाहीत. संध्याकाळी लाइट गेली तर? थोडं वाचवत होतो."
मी बाहेर गेले की रोज करत होते म्हणे. पाऊस लागल्यापासून. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१० जुलै
मोहिते मॅडमना फोन लावला, स्पीकरवर.
"काका, ऊन नसलं तरी लाइन आहे ना? मशीन तिच्यावर चालतं, बॅटरीही तिच्यावर भरते. तुम्ही श्वास वाचवून बॅटरीत काही जास्त साठत नाही."
"हे आधी सांगायचं."
"सांगितलं होतं, काका."
"मग जोरात सांगायचं."
जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. मशीन मात्र दिवसभर चालू.

२१ जुलै
सकाळीच वीज गेली ती थेट चारच्या चहाला आली. आभाळ भरलेलंच. बॅटरीने निभावलं, पॅनलनी थोडा हातभार लावला. सिलेंडरला हात लावावा लागला नाही. दुपारी हे चक्क घोरत होते.

३० जुलै
तपासणी. डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवला. मोठं मशीन लागेल. वीज जवळजवळ दुप्पट. गच्चीवर आणखी पॅनलला जागा नाही, टाकी हलवली तर कदाचित. मुक्ता म्हणते, मोहिते मॅडमना विचारू.
रिक्षात ह्यांच्या मांडीवर छोटा सिलेंडर. स्वारगेटच्या सिग्नलला अचानक ऊन पडलं. ह्यांनी हात बाहेर काढून तळवा उन्हात धरला.
"किती होईल गं आज?"
म्हटलं, "हात आत घ्या. बस येतेय."