उस्तादांची सही

सोमवार, ३ मार्च
चौदा नंबरची बस पहाटे उतारावर भिंतीला धडकली. पहिली फेरी, प्रवासी नव्हते. ड्रायव्हरचा पाय चेपला. म्हणतोय, ब्रेक लागलाच नाही.
तपासणीच्या कागदावर सही माझी. आणि मी त्या बसखाली उतरलोच नव्हतो! काल रात्री अकरा गाड्या बघून कंबर धरली होती, बारावी हीच, तिच्या कागदावर नुसती सही ठोकली. डेपोत रीतच पडलीय — उस्तादांची, म्हणजे माझी, सही असली की गाडी बाहेर काढताना ड्रायव्हर फाटकावर ब्रेक दाबून बघत नाहीत. मला ती रीत आवडायची.

मंगळवार, ४ मार्च
मॅनेजर म्हणाले, "मोडकी गाडी तुम्हीच तपासा, उस्ताद. तुमच्या शब्दापुढे कोण जाणार?" चोराच्याच हाती किल्ल्या!
ब्रेकचा पाइप तुटलाय. तुटलेली कड गंजलेली — धडकेत तुटली असती तर चकचकीत दिसली असती. म्हणजे चीर जुनी. खाली उतरून नुसता टॉर्च मारला असता तरी दिसली असती.
लिहून दिलं, "पाइप धडकेत तुटला." खाली नेहमीसारखी झोकदार सही केली, याची लाज वाटते.

बुधवार, ५ मार्च
जेवण गेलं नाही.

गुरुवार, ६ मार्च
हिला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. निवृत्तीला चौदा महिने तर उरलेत." थोड्या वेळाने — "त्याच्या घरी कोण कोण आहे हो?"
म्हातारी आई, दोन मुली. मला ठाऊक होतं. माहीत नाही म्हणालो.

शुक्रवार, ७ मार्च
त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.
कँटीनमध्ये चर्चा — "डुलकी लागली असेल." "उस्तादांनी बघितलेली गाडी आणि ब्रेक फेल? काहीतरीच!" मी चहा संपवून उठलो. सोमवारी चौकशी आहे. त्याची नोकरी जाणार, ती खरं म्हणजे माझी जायला हवी.
ठरलं. उद्या हॉस्पिटलात जाऊन आधी त्याच्यापाशी कबूल करायचं, मग मॅनेजरकडे. तेवीस वर्षांचं नाव गेलं तर जाऊ दे.

शनिवार, ८ मार्च
गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच माझा हात धरला. "माफ करा, उस्ताद. उगाच तुमच्या कामाला नावं ठेवली. सही तुमची होती, मग ब्रेक कसा जाईल? चौकशीसाठी मी आज सकाळीच लिहून दिलंय, चूक माझी."
मी म्हटलं, "असू दे. होतं असं."