एर्सिलियाच्या गळ्यातली अंगठी

२२ नोव्हेंबर १९३५, फासिस्ट राजवटीचं वर्ष चौदावं

आजही आली! शुक्रवार, दुपारचे दोन, दुकानाच्या फळ्या लावलेल्या. सगळं गाव जेवून आडवं होतं, तेव्हाच या बाईला माझ्या नवऱ्याची आठवण होते. मागच्या दारानं आली, मागच्या दारानं गेली. मी वर भांडी घासत होते, कान मात्र खालीच होते. मध्येच एकदा हसली. अन्सेल्मो हिच्याशी एवढं काय गमतीचं बोलतो? माझ्याशी बोलतो ते सूप अळणी झालंय एवढंच.

विचारलं तर म्हणाला, घड्याळ दाखवायला आली होती; सोनारकामाबरोबर तो घड्याळंही दुरुस्त करतो ना. एर्सिलियाकडे घड्याळ नाही! नवरा सतरा साली आघाडीवर मारला गेला, तेव्हापासून ती चर्चच्या घंटेवर दिवस काढते. मला काय दूधखुळी समजतो का हा?

२६ नोव्हेंबर, वर्ष चौदावं

परत. आज अर्धा तास.

३ डिसेंबर, वर्ष चौदावं

जिन्यात उभी राहून पडद्याच्या फटीतून पाहिलं. लाज वाटली, तरी पाहिलं. त्यानं तिचं बोट धरलं होतं. डाव्या हाताचं, अंगठीचं! ती मान खाली घालून बसली होती, माझ्या स्टुलावर. मी वर येऊन मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायला घेतला आणि खाली लागू दिला. जेवताना दोघांनीही तो करपट घास गिळला.

७ डिसेंबर, वर्ष चौदावं

शनिवारची कवायत. अन्सेल्मोचा गुडघा पुन्हा ‘दुखतोय’. पक्षाचं कार्ड त्यानं घेतलं तेही दुकान चालू राहावं म्हणून. एकदा पक्षाचा गावसचिव बारात्ती मला म्हणाला होता, ‘बाई, तुमच्या घरात तुम्हीच पुरुष!’ मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. चौकातल्या भोंग्यातून भाषण सुरू झालं की माझ्या अंगावर काटा येतो. बारात्ती तेव्हा भोंग्याकडे बघत नाही, टाळ्या कोण वाजवत नाही ते बघतो. चांभार ग्वेर्रिनो मागच्या वर्षी टाळ्यांच्या वेळी नाक शिंकरत राहिला, तर त्याला शिक्षा म्हणून एरंडेल पाजलं. तेही तेव्हा मला योग्यच वाटलं होतं.

महिनाभर ज्याची कुजबुज चालली होती, तो हुकूम आज वाचून दाखवला. अठरा तारखेला सगळ्या बायकांनी लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या युद्धासाठी देशाला द्यायच्या. बदल्यात लोखंडाची मिळणार, पाद्रीबाबा मंत्रून देणार. पहिली रांग युद्धातल्या विधवांची. म्हणजे एर्सिलिया सगळ्यांच्या पुढे! माझा जिवंत परतला म्हणून मी चौथ्या रांगेत.

१८ डिसेंबर, वर्ष चौदावं

दिली. बोट सुजलेलं, अंगठी निघेना. अन्सेल्मोनंच साबण लावून काढली.

‘द्यायचीच आहे का तुला?’

म्हटलं, सगळ्या देणार, मग मी का नाही? त्यानं साबण धुऊन टाकला आणि तो खाली गेला.

चौकात धुकं इतकं की पहिली रांग दिसत नव्हती. पण एर्सिलिया दिसली! चेहऱ्यावर काळी जाळी, छातीवर नवऱ्याचं पदक. तिनं तांब्याच्या घंगाळात अंगठी टाकली आणि रडली. बायका तिच्या हाताला हात लावून घेत होत्या. माझी पडली तेव्हा कुणी वर पाहिलंही नाही.

लोखंडाची सैल होते. बोट धुताना दोनदा निसटली.

२१ डिसेंबर, वर्ष चौदावं

धोबीघाटावर एर्सिलिया चादर पिळायला वाकली आणि तिच्या पोलक्यातून दोरा बाहेर आला. दोऱ्याला अंगठी. सोन्याची! झटकन आत सारली, पण मी पाहिलं. तिची अंगठी तर घंगाळात पडली, माझ्या डोळ्यांसमोर. मग ही दुसरी कुठून आली? गावात सोनार एकच आहे आणि तो माझ्या घरात जेवतो.

म्हणून बोटाचं माप. माझ्या बोटात लोखंड आणि तिच्या गळ्यात माझ्या नवऱ्याचं सोनं!

रडून घेतलं. मग उठून पायऱ्या घासल्या.

२२ डिसेंबर, वर्ष चौदावं

लिहिलं. डाव्या हातानं, मोठ्या अक्षरांत. ‘विधवा बोन्फात्ती गळ्यात सोनं लपवते. – एक देशभक्त स्त्री.’

पक्षाच्या कचेरीबाहेरच्या पेटीत टाकलं. पेटी इतकी भरली होती की पाकीट बोटानं आत ढकलावं लागलं.

तिला तुरुंगात टाकावं असं माझ्या मनात नाही. चार लोकांत तिच्या गळ्यातला तो दोरा तुटला की झालं. अन्सेल्मोचं नाव मी कुठेही घातलेलं नाही.

२५ डिसेंबर, वर्ष चौदावं

नाताळ. त्यानं माझ्यासाठी भाजलेले चेस्टनट आणले, सोलूनही दिले. मन खात असेल.

२७ डिसेंबर

दुकानाच्या फळ्या लावून लिहायला बसले.

सकाळी पक्षाचे काळे सदरेवाले एर्सिलियाकडे गेले. दोरा तोडला. अंगठीच्या आत कोरलेलं होतं: एत्तोरे, १९१४. तिच्या नवऱ्याचं नाव! तिची स्वतःची, लग्नातली. मग घंगाळात काय पडलं? त्यांनी घंगाळातल्या अंगठ्या कसोटीवर घासून पाहिल्या. सतरा पितळी निघाल्या, वरून सोन्याचं पाणी दिलेलं. गावात सोनार एकच! हे गणित त्यांनाही माझ्याइतकंच सहज सुटलं.

दुपारी ते आमच्याकडे आले. खणात पितळेची तार सापडली आणि एक कागद, त्यावर नुसती बोटांची मापं. बारात्तीनं नावं विचारली. अन्सेल्मो म्हणाला, ‘मी बोटं मोजतो, नावं विचारत नाही.’ बारात्तीनं त्याच्या थोबाडीत मारली, माझ्यासमोर. मग म्हणे, विधवेनं मागितली का तू दिलीस? तो म्हणाला, त्या बाईला काही ठाऊक नाही, सगळ्यांना मीच फसवलं. गुडघ्याची तक्रार न करता त्यांच्याबरोबर चालत गेला.

सतरा जणी त्या दुकानात येऊन गेल्या. मला फक्त एकच दिसली.

११ जानेवारी १९३६

निकाल लागला. दक्षिणेकडच्या एका बेटावर तीन वर्षं हद्दपारी. राष्ट्राची टिंगल केली म्हणून.

शेजारीपाजारी मला बघून रस्ता ओलांडतात. त्या सतरा जणींपैकी कुणीही जिना चढली नाही. फक्त एर्सिलिया येते, रोज, वाटीभर सूप घेऊन. आज रडत म्हणाली, ‘सगळं माझ्यामुळे झालं गं. ती अंगठी मी पुरून ठेवायला हवी होती.’ मग म्हणाली, ‘कोण असेल असं काळ्या मनाचं?’

मी सूप प्यायले. खारट होतं, पण संपवलं.

१५ जानेवारी

बेटावर नेण्याआधी तुरुंगात अन्सेल्मोची भेट मिळाली. दहा मिनिटं, मध्ये जाळी, शेजारी शिपाई. गालाचं हाड अजून निळं आहे.

विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, ‘तुला वेड्यासारखं खरं बोलायची सवय. त्यांनी नुसतं डोळ्यांत बघितलं असतं तरी तुझ्या तोंडून सगळं निघालं असतं. तुला खोटं जमत नाही, म्हणून तर लग्न केलं तुझ्याशी.’

मग हळूच म्हणाला, ‘पत्र कुणी टाकलं, काही कळलं का गं?’

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, नाही रे, कुणालाच माहीत नाही.

त्याला पटलं.